फायरवॉलची ओसरी आणि माजघर

जुन्या वाड्यात येणाऱ्या प्रत्येकाला सारखीच मोकळीक नसे. वाटसरू अंगणात उभा राही, गावातला माणूस ओसरीवर बसे आणि नातलग थेट माजघरात जाई. माणूस कोठून आला, यावरून त्याने कोठपर्यंत जावे हे ठरे. संगणकांच्या जाळ्यातही अशीच व्यवस्था करावी लागते. ती करणाऱ्या पहारेकऱ्याला फायरवॉल म्हणतात.

मुळात फायरवॉल हा इमारतींच्या बांधकामातला शब्द. एका भागात लागलेली आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून बांधलेली भिंत ती फायरवॉल. संगणकांत ‘आग’ कशी पसरते हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसले. अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने जाळ्यात सोडलेला एक प्रोग्राम स्वतःच्या नकला करीत एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेला. सुमारे ६,००० संगणक त्याच्या तडाख्यात सापडले असावेत, असा तेव्हाचा अंदाज होता. त्यानंतर जाळ्याच्या दारावर पहारा ठेवण्याची गरज सर्वांना पटू लागली.

हा पहारेकरी काय तपासतो? संगणकाकडे येणारी माहिती लहान लहान तुकड्यांत येते. त्यांना पॅकेट म्हणतात. टपालाच्या पाकिटाप्रमाणे त्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो, आणि कोणत्या खिडकीवर काम आहे तिचा क्रमांकही असतो. हा पोर्ट क्रमांक ० ते ६५,५३५ यांपैकी कोणताही असू शकतो. सुरक्षित वेबपानांसाठी ४४३, तर दूर बसून संगणक चालवण्यासाठी २२ ही नेहमीची खिडकी.

प्रत्येक पत्त्यासाठी आणि प्रत्येक खिडकीसाठी वेगळा नियम लिहायचा तर गोंधळ उडेल. म्हणून नियमांचे गट करतात. अशा गटाला झोन, म्हणजे विभाग, असे म्हणतात. लिनक्स संगणकांवर फायरवॉल-डी नावाचा एक प्रोग्राम वापरतात. २०१३ मध्ये आलेल्या फेडोरा १८ पासून तो तेथे प्रथमपासूनच चालू असतो. त्यात नऊ तयार विभाग आहेत. ‘ड्रॉप’ विभागात आलेले अनोळखी पॅकेट उत्तर न देता टाकून दिले जाते. ‘ब्लॉक’ विभागात नकार कळवला जातो. ‘पब्लिक’ विभागात मोजक्याच खिडक्या उघड्या असतात. ‘ट्रस्टेड’ विभागात सर्वांना प्रवेश असतो. कोणत्या तारेने पॅकेट आले यावरून त्याचा विभाग ठरवता येतो किंवा पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरूनही ठरवता येतो. दोन्ही लागू पडत असतील, तर पत्त्याने ठरलेला विभाग आधी पाहिला जातो.

आता खरी कसोटी. समजा, एका शाळेचा संगणक रात्रंदिवस वेबपाने पुरवीत आहे. त्याची देखभाल करणारा माणूस दुसऱ्या गावी असून २२ क्रमांकाच्या खिडकीतून काम करतो. ही खिडकी साऱ्या जगाला उघडी आहे. ती ‘पब्लिक’ विभागातून काढून केवळ आपल्या पत्त्यासाठी ‘वर्क’ विभागात ठेवावी, असे तो ठरवतो. विचार उत्तम आहे. पण पत्ता लिहिताना एक अंक चुकला तर?

गंमत अशी, की तत्क्षणी काहीच बिघडत नाही. फायरवॉल चालू संभाषणांची नोंद ठेवते. आधीच मान्य झालेल्या संभाषणाची पॅकेटे ती सर्वांत आधी आत सोडते. नवा नियम फक्त नव्याने दार ठोठावणाऱ्याला लागतो. म्हणून त्या माणसाला वाटते, सारे ठीक आहे. तो काम संपवून बाहेर पडतो, आणि दुसऱ्या दिवशी दार त्याच्यासाठीच बंद! मग कोणीतरी शाळेत जाऊन संगणकाला कळफलक जोडून चूक सुधारावी लागते.

याचीच दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. एखादा चोर आधीच आत शिरला असेल, तर खिडकी बंद केल्याने तो बाहेर जात नाही. त्याचे चालू संभाषण वेगळे तोडावे लागते. दार लावणे आणि पाहुण्याला घालवणे ही दोन निराळी कामे आहेत.

यासाठी जाणकार एक क्रम पाळतात. फायरवॉल-डी मध्ये नियमांच्या दोन प्रती असतात. एक चालू प्रत आणि दुसरी कायमची. बदल प्रथम फक्त चालू प्रतीत करावा. पहिले संभाषण तसेच ठेवून दुसरे, अगदी नवे संभाषण सुरू करून पाहावे. ते जुळले, आणि परक्या पत्त्यावरून जुळले नाही, तरच बदल कायमच्या प्रतीत उतरवावा. नवे संभाषण जुळलेच नाही, तर पहिले हाताशी असतेच. त्यातून चूक दुरुस्त करता येते. तेही तुटले, तर संगणक बंद करून चालू करताच जुने, कायमचे नियम परत येतात. एखादी खिडकी थोडाच वेळ हवी असेल, तर मुदत सांगून उघडता येते. मुदत संपताच ती आपोआप बंद होते.

शाळेत लिनक्सचा एखादा जुना संगणक असेल, तर शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करून पाहा. दोन संगणकांवरून त्याच्याशी संभाषण जोडा. त्यांपैकी एकाच्या पत्त्याला ‘ड्रॉप’ विभागात टाका. त्याचे चालू संभाषण सुरूच राहील. आता ते बंद करून पुन्हा जोडा. काय होते आणि का होते, हे वहीत लिहा. नियम बदलला की तो लागू झाला असे आपण मानतो. तो कोणाला लागू झाला, हे मात्र नव्याने दार ठोठावल्यावरच कळते.