इंजिन ठेवायचे कुठे?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची गोष्ट निघाली की वालचंद हिराचंदांचे नाव येते, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचे येते, फियाटचे तर येतेच. ज्याच्या देखरेखीखाली ती गाडी मुळात कागदावर उतरली, त्या दान्ते जाकोसाचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. मला हे खटकते. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांच्या बॉनेटखालची मांडणी रूढ करण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

जाकोसाचा जन्म १९०५ सालचा, रोममधला, घराणे पिएमोंतेतले. १९२७ साली तुरिनच्या पॉलिटेक्निकमधून अभियंता होऊन तो बाहेर पडला आणि लवकरच फियाटच्या परिवारात दाखल झाला. १९३४ साली तो विमानांच्या इंजिनांवर काम करत असताना त्याच्याकडे एक लहान गाडी सोपवण्यात आली. फियाटचे सर्वेसर्वा जोव्हानी आन्येल्ली यांना पाच हजार लिरांत विकता येईल अशी गाडी हवी होती. त्याआधी ओरेस्ते लार्दोने या अभियंत्याने पुढच्या चाकांना ताकद देणारी एक छोटी गाडी बनवली होती. चाचणीच्या वेळी खुद्द आन्येल्ली आत बसलेले असताना तिने पेट घेतला. लार्दोनेची नोकरी गेली आणि फियाटमध्ये फ्रंट-व्हील ड्राइव्हचे नावही काढायची सोय उरली नाही. एका आगीने एक चांगली कल्पना तीस वर्षे मागे ढकलली.

म्हणजे इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, ही जुनीच चौकट जाकोसाच्या वाट्याला आली. त्या चौकटीत त्याने काय केले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. ५६९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन त्याने पुढच्या चाकांच्याही पुढे सरकवले आणि रेडिएटर इंजिनाच्या मागे, वरच्या बाजूला नेला. तापलेले पाणी आपोआप वर चढायचे आणि निवून खाली यायचे. त्यामुळे पाण्याचा पंप लागला नाही. पेट्रोलची टाकी बॉनेटखालीच, उंचावर; पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरायचे, म्हणून तोही पंप वाचला. नाक उतरते झाले, पाय पसरायला जागा मिळाली आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर अवघ्या दोन मीटरवर आले. १९३६ सालची फियाट ५००, म्हणजेच तोपोलिनो, ती हीच. किंमत ८,९०० लिरांवर गेली, पाच हजारांचे स्वप्न हुकले. पण आकाराने लहान असूनही ही गाडी सर्वार्थाने गाडीच होती, खेळणे नव्हते.

युद्धानंतर चार माणसांची स्वस्त गाडी हवी होती, तेव्हा त्याने इंजिन मागे नेले. १९५५ची ६०० आणि १९५७ची नवी ५०० अशा घडल्या. नव्या ५००ची लांबी तीन मीटरपेक्षाही कमी. १९५९ साली तिला कोम्पासो दोरो हा इटलीचा मानाचा डिझाइन पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे आली ती मात्र १९५३च्या ११००च्या घराण्यातली. तिचे १०८९ सीसीचे इंजिन १९३७ पासून फियाटच्या गाड्यांत चालत आले होते. इटलीत ही मालिका १९६०च्या दशकाअखेर संपली. कुर्ल्यात तीच गाडी आधी फियाट, मग प्रीमियर पद्मिनी म्हणून जवळजवळ शतक संपेपर्यंत बनत राहिली. पुढची सलग सीट, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, डाव्या बाजूला बाहेर लावलेला मीटर आणि छतावरच्या कॅरिअरवर सामान: मुंबईने ती अशी वापरली. परवानाराजात गिऱ्हाइकापुढे पर्याय नव्हते हे खरेच. पण साधे, कुठल्याही गॅरेजात बांधता येणारे इंजिन नसते, तर एवढ्या वर्षांची टॅक्सीची रगड तिने सोसली नसती.

जाकोसाचे सर्वांत मोठे काम मात्र याच्या पुढचे. १९५९ साली इंग्लंडात अ‍ॅलेक इसिगोनिसने मिनीत इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, एकाच तेलात ठेवला. कल्पना तडफदार होती. पण इंजिन आणि गिअर यांना एकच तेल पुरवणे ही तडजोडच होती. जाकोसाने गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला, त्याच रेषेत लावला आणि त्याचे तेल वेगळे ठेवले. छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांत असा प्रकार आधी झाला होता, पण चार सिलिंडरचे इंजिन आडवे टाकले की रुंदी पुरत नाही. म्हणून क्लच सोडवण्याची यंत्रणा आटोपशीर करावी लागली आणि दोन चाकांकडे जाणारे शाफ्ट कमी-जास्त लांबीचे ठेवावे लागले. फियाटने धोका थेट स्वतःच्या नावावर घेतला नाही. १९६४ साली हा प्रयोग आउतोबियांकी प्रिमुला म्हणून बाजारात आला. तो टिकला, तेव्हा १९६९ साली फियाट १२८ आली आणि १९७०ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. तिचे इंजिन आउरेलिओ लाम्प्रेदीचे, मांडणी जाकोसाची.

इसिगोनिसला सर ही पदवी मिळाली आणि मिनी दंतकथा झाली. त्याच्या धाडसाबद्दल मला आदर आहे, पण जगाने उचलली ती जाकोसाची रीत. १९८३ साली आलेल्या मारुती ८००चे बॉनेट उघडा: आडवे इंजिन, टोकाला गिअरबॉक्स, ताकद पुढच्या चाकांना. १९९८ची पुण्याची इंडिका तशीच, आणि पुढे मुंबईच्या टॅक्सी-स्टँडवर पद्मिनीची जागा घेणारी सँट्रोही तशीच. जाकोसाच्या जुन्या गाडीला हटवणाऱ्या गाड्यांची घडण त्याच्याच नव्या मांडणीवर झाली होती. तो १९९६ साली तुरिनमध्ये वारला, तेव्हा कुर्ल्यात पद्मिनी अजून बनत होती.