सातबारा आणि शेंगेन व्हिसा

आजचा एपिसोड आमच्या येडगावचा. ताईकडे जर्मनीला फिरायला जायचं म्हणून आई-पप्पांनी शेंगेन व्हिसाचा अर्ज केला. खात्यात पैसे कमी दिसायला नकोत, म्हणून मामाकडून दोन लाख आणून भरले. अर्ज नामंजूर!

चूक आमचीच. अधिकारी मुख्यतः दोन गोष्टी बघतो: खर्च कोण करणार आणि तुम्ही परत येणार का? अचानक आलेली रक्कम संशयच वाढवते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे पप्पांचा आयटीआरही नव्हता.

दुसऱ्या वेळी सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडला. नारायणगाव मार्केटच्या टोमॅटोच्या पट्ट्या, त्यांच्याशी जुळणारं बँक स्टेटमेंट, ताईने तिथल्या सरकारी कार्यालयातून घेतलेलं खर्चाचं हमीपत्र आणि एक साधं पत्रही दिलं: लागवडीच्या आत परत येतोय. व्हिसा मिळाला.

बाकी नियम लक्षात ठेवा. विमा किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट 10 वर्षांच्या आत काढलेला आणि तिथून निघाल्यावर निदान 3 महिने चालणारा. मुक्काम कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंतच. अर्ज प्रवासाच्या 6 महिने ते 15 दिवस आधी करायचा.

आणि खात्यात उसने पैसे भरू नका. खरी कमाई कागदावर दाखवा, मग ती टोमॅटोची का असेना!