विश्लेषण : ‘याला सरळ करा’ म्हणून मुलाला डॉक्टरकडे नेता येते का?

मुलगा जेवत नाही, रात्रभर जागा असतो, कॉलेजला दांड्या मारतो. मग एक दिवस फोनमधले संदेश घरच्यांच्या हाती लागतात आणि त्याला मुलांविषयी आकर्षण वाटते हे कळते. आईवडील त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, ते ‘याला सरळ करा’ म्हणून. उडालेली झोप आणि मेलेली भूक यांचा विषय निघतच नाही. अशा वेळी डॉक्टरांनी काय करायचे, याचे नियम देशात आता बरेच स्पष्ट आहेत.

समलैंगिकता हा आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी ती आजारांच्या यादीतून वगळली. मात्र एक पळवाट उरली होती. त्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत, स्वतःचा लैंगिक कल स्वतःलाच नकोसा वाटत असेल तर तसे निदान करण्याची सोय होती. घरात वर्षभर टोमणे खाल्ल्यावर कुठल्या सतरा वर्षांच्या मुलाला तो हवासा वाटेल? १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ही सोय राहिली नाही. जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि मनाला जाणवणारी ओळख जुळत नसेल, तर तीही या आवृत्तीनुसार मानसिक विकारांत मोडत नाही. तिची नोंद लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात आहे. भारतात मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये समलैंगिकता आजार नसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले.

मग या मुलांना नैराश्य का येते?

अमेरिकी संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये मांडलेली ‘अल्पसंख्याक ताणा’ची कल्पना इथे उपयोगी पडते. ताण कल वेगळा असल्यामुळे येत नाही. तो लपवावा लागल्यामुळे आणि त्यावरून होणाऱ्या हेटाळणीमुळे येतो. वर्गात ‘बायल्या’ म्हणून हाक, मित्राचा नंबर मुलीच्या नावाने सेव्ह करणे, प्रत्येक लग्नात ‘आता तुझा नंबर’ ऐकून हसणे. दिवसभर स्वतःवर पहारा ठेवून माणूस थकतो. या थकव्याला, चिंतेला, नैराश्याला उपचार आहेत आणि ते जरूर घ्यावेत.

‘कन्व्हर्जन थेरपी’वर बंदी कशी आली?

लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलण्याच्या प्रयत्नांना हे नाव आहे. समुपदेशनापासून संमोहन, औषधे आणि विजेच्या झटक्यांपर्यंत काहीही त्यात येते. याने कल बदलत नाही. मुलाची आपल्याविषयीची घृणा तेवढी वाढते. मदुराईहून चेन्नईला पळून आलेल्या दोन तरुणींच्या याचिकेवर ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी असे उपचार करण्यास मनाई केली. करणाऱ्यांचा परवाना काढून घेण्यापर्यंतच्या कारवाईचे निर्देशही दिले. विषय आपल्याला पुरेसा कळत नाही, असे मोकळेपणाने मान्य करून न्यायमूर्ती निकालापूर्वी स्वतः मानसतज्ज्ञापुढे बसले होते. न्यायालयात हे सहसा घडत नाही. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही थेरपी म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले.

म्हणजे प्रश्न मिटला का?

तसे म्हणता येत नाही. आयोगाचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांपुरता; बाबा-बुवा आणि कुणाचीही नोंदणी नसलेले ‘समुपदेशक’ त्याबाहेर राहतात. शिवाय आयोगानेच २०२४ मध्ये न्यायवैद्यक अभ्यासक्रमात स्त्री-समलैंगिकतेला पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त बसवले होते. टीका झाल्यावर काही दिवसांतच तो मजकूर मागे घ्यावा लागला.

रुग्णाच्या हाती काय आहे?

मानसिक आरोग्य कायदा, २०१७. समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक कल्पनांत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असे त्याचे कलम ३ सांगते. उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास कलम १८ मनाई करते. माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही कायद्यात आहे. मात्र १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत सहसा पालकच त्यांचे प्रतिनिधी असतात. त्यामुळे ‘यातले घरी काय सांगाल?’ हे मुलाने पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. पालकांनी विचारायचा प्रश्न वेगळा : ‘याची झोप आणि भूक परत येण्यासाठी काय करायचे?’ यावर डॉक्टर कल बदलण्याचे पॅकेज सांगू लागले, तर डॉक्टर बदलावा.

घरी बोलणे शक्य नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.