मोहोरबंद पेटी आणि घंटी

कच्च्या हिऱ्यांची परदेशातून आलेली पेटी कचेरीत उघडली जाते, तेव्हा अधिकारी प्रथम पेटीला नव्हे, तिच्यासोबतच्या दाखल्याला हात घालतो. क्रमांक, उत्पत्तीचा देश, कॅरटांतील वजन, डॉलरांतील किंमत, मुदतीची तारीख हा सारा तपशील बोट ठेवून वाचतो, मोहोर अभंग असल्याची खात्री करून घेतो, आणि मगच माल काट्यावर चढवून वजनाची रुजुवात करतो. सुरतेत हे काम जवळून पाहताना मला सारखे जाणवत होते की, या शांत खटाटोपामागे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीचे कित्येक वर्षांचे अपयश उभे आहे.

1998 साली परिषदेने ठराव क्रमांक 1173 अन्वये अंगोलातील युनिटा या बंडखोर संघटनेच्या हिऱ्यांवर बंदी घातली. पण हुकूम कागदावर राहिला आणि हिरे बिनबोभाट बाजारात येत राहिले. त्या निर्बंध समितीचे अध्यक्ष, कॅनडाचे राजदूत रॉबर्ट फाउलर, यांनी मात्र न्यूयॉर्कमध्ये बसून पत्रव्यवहार करण्यावर समाधान न मानता आफ्रिका व युरोप पालथा घातला, आणि मार्च 2000 मध्ये तज्ज्ञमंडळाचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात बंदी मोडणाऱ्यांमध्ये टोगो व बुर्किना फासो यांच्या विद्यमान राष्ट्राध्यक्षांची नावे स्पष्ट लिहिलेली होती. राजनीतीच्या संकेतांत असे धैर्य दुर्मीळच. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे अशा हिऱ्यांना आळा घालण्यासाठी वाटाघाटी सुरू झाल्या आणि 1 जानेवारी 2003 पासून ‘किंबर्ली प्रक्रिया’ म्हणून ओळखली जाणारी दाखल्याची पद्धत अमलात आली. भारतात तिची अंमलबजावणी रत्न व आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे आहे.

तथापि दाखल्याची सत्ता कच्च्या मालापुरतीच. सुरतेच्या वराछा भागातील एका कारखान्यात, खानदेशातून आलेल्या एका कारागिराला, समोरचा खडा कुठला म्हणून मी विचारले, तेव्हा घंटीवरची, म्हणजे पैलू पाडण्याच्या फिरत्या चाकावरची, नजर न काढता तो म्हणाला, "भाऊ, एकदा पैलू पडले की कुठला म्हणून सांगणार?" पैलू पडलेल्या हिऱ्यामागे उरते ती विक्रेत्याने बिलावर लिहून दिलेली हमी. शिवाय किंबर्ली प्रक्रियेच्या ‘संघर्षातले हिरे’ या व्याख्येत केवळ बंडखोरांना द्रव्य पुरवणारे हिरेच बसतात, आणि ती व्याख्या बदलायची तर सर्वांची संमती लागते. म्हणून युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाच्या हिऱ्यांबाबत तेथे एकमत होईना, तेव्हा जी-7 राष्ट्रांनी आपली वेगळी बंदी घातली, आणि 1 मार्च 2024 पासून रशियन कच्च्या मालातून अन्य देशांत घडवलेल्या एक कॅरट व त्यावरील हिऱ्यांनाही ती लागू केली.

एकमताचा दंडक राष्ट्रांना एकत्र ठेवतो, हे मला मान्य आहे. परंतु किंबर्लीच्या सभांना निरीक्षक म्हणून हिरे व्यापाऱ्यांची जागतिक परिषद बसते, नागरी संघटनांची आघाडी बसते, आणि जगातले बहुतेक हिरे ज्यांच्या हातून घडतात, कच्चा माल अडला की ज्यांची नगावरची मजुरी त्याच आठवड्यात घटते, त्या सुरतेच्या रत्नकलाकारांसाठी तेथे खुर्ची नाही, हे मला अन्यायाचे वाटते.