गिरणगावातील जमिनीचा खंड आणि त्याची वाटणी

शहरातील एखाद्या जुन्या श्रमिक वस्तीत भारी किमतीच्या मालाची विक्रीकेन्द्रे व धनिकांसाठी बांधलेली उत्तुंग निवासस्थाने उभी राहू लागली, म्हणजे या घटनेची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः पुढे केली जातात. पहिले असे की, नव्याने सधन झालेल्या वर्गाची अभिरुची बदलली आणि बाजाराने तिला प्रतिसाद दिला. दुसरे असे की, जुना उद्योग कालबाह्य होऊन नष्ट झाला व मोकळी झालेली जागा नव्या उपयोगाने व्यापली. या दोहोंत तथ्यांश आहे. परंतु नव्या उपयोगापासून होणारा लाभ कोणाच्या पदरी पडावा हे कशावरून ठरते, या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकही देत नाही. मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे ही वाटणी ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या व्याख्येवर अवलंबून राहिली.

प्रथम उपपत्तीचा थोडक्यात विचार करणे इष्ट होईल. लंडनमधील श्रमिकांच्या वस्त्यांत मध्यमवर्गीय कुटुंबे शिरू लागली आणि मूळच्या रहिवाशांना तेथे राहणे अशक्य होऊ लागले, या प्रक्रियेला रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ मध्ये जे नाव दिले, त्याचा आशय मराठीत ‘वस्तीचे अभिजनीकरण’ या शब्दाने व्यक्त करता येतो. या प्रक्रियेच्या कारणांविषयी पुढे दोन पक्ष पडले. डेव्हिड ले प्रभृतींनी नव्या मध्यमवर्गाच्या व्यवसायांवर आणि आवडीनिवडींवर भर दिला. नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये त्याच्या उलट मांडणी केली: वस्तीत प्रथम परत येते ते भांडवल, माणसे त्याच्या मागोमाग येतात. एखाद्या जमिनीच्या चालू उपयोगापासून मिळणारा खंड आणि तिच्या सर्वाधिक फलदायी उपयोगापासून मिळू शकणारा खंड यांतील अंतर पुरेसे रुंदावले, म्हणजे तेथे पुनर्बांधणी लाभदायक ठरते. या अंतराला ‘खंडातील तफावत’ म्हणता येईल. (येथे ‘खंड’ हा शब्द अर्थशास्त्रातील पारिभाषिक अर्थाने, म्हणजे जमिनीपासून मिळणारे भाडेरूपी उत्पन्न या अर्थाने घ्यावयाचा आहे.)

गिरणगावात ही तफावत कशी निर्माण झाली हे पाहण्यासाठी मागे जावे लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढील काळात परळ, लालबाग, चिंचपोकळी, डिलाइल रोड, वरळी, नायगाव व शिवडी हा सारा टापू गिरण्यांनी आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या चाळींनी भरून गेला. कोकणातून व देशावरून आलेला कामगार गाळ्यात भाऊबंदांसह राही, खाणावळीत जेवी आणि भोंगा झाला की पायी कामावर जाई. कामाची जागा व राहण्याची जागा यांतील ही समीपता हे या वस्तीचे आर्थिक वैशिष्ट्य होते. गिरण्यांची जमीन एकंदर सुमारे सहाशे एकर होती आणि बेटावरील शहर उत्तरेकडे वाढत गेल्यामुळे, एके काळी वेशीबाहेरची असलेली ही जमीन कालांतराने ऐन मध्यावर आली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्यांच्या ऱ्हासाचे सर्व कारण या संपात शोधणे योग्य नव्हे. जुनी यंत्रसामग्री, नूतनीकरणाकडे झालेले दुर्लक्ष आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांची स्पर्धा ही कारणे आधीपासूनच कार्य करीत होती. संपामुळे त्यांची गती वाढली, इतकेच निश्चयाने म्हणता येते. कापड विणण्यापासून मिळणारे उत्पन्न घटत असताना त्याच जमिनीची बाजारातील किंमत मात्र वाढत गेली. चाळींच्या बाबतीतही वेगळ्या मार्गाने हेच घडले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १९४० च्या पातळीशी जखडले. यामुळे कामगाराला निवारा टिकवता आला. परंतु मालकाला दुरुस्तीचे प्रयोजन उरले नाही. गोठवलेले भाडे असमर्थनीय असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. तथापि तोवर या इमारतींना अर्धशतकाची जीर्णता आलेली होती. गिरणी आणि चाळ या दोहोंच्या जमिनींत अशा रीतीने तफावत साठत गेली.

आता ही तफावत कोणाची, हा प्रश्न. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याचे एक उत्तर दिले होते. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा झाल्यास स्थूलमानाने तिचा एक-तृतीयांश भाग मैदाने व उद्याने यांसाठी महानगरपालिकेस, एक-तृतीयांश घरबांधणीसाठी म्हाडास द्यावा आणि उरलेला मालकाने विकसित करावा, असे त्या नियमाचे सूत्र होते. नेमके प्रमाण भूक्षेत्राच्या आकारानुसार बदलत असे. या सूत्रामागील न्यायबुद्धी उघड आहे. जमिनीचे मूल्य मालकाच्या उद्यमाने वाढलेले नसून शहराच्या वाढीने वाढलेले आहे; म्हणून त्या वाढीचा मोठा हिस्सा शहराकडे परत यावा. राज्य शासनाने १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटानेही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा सुटासुटा नव्हे, तर एकत्रित विचार करावा, म्हणजे सार्वजनिक जागा सलग व उपयुक्त होतील, अशी दिशा दाखविली होती. ती योजना प्रत्यक्षात उतरली नाही.

मालकांना मात्र दोन-तृतीयांश जमीन देणे परवडण्यासारखे वाटले नाही. जुन्या इमारती न पाडता त्यांचाच उपयोग बदलण्याचा मार्ग त्यांपैकी काहींनी अवलंबिला. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फिनिक्स मिल्सचे रूपांतर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिच्या आवारात प्रथम करमणुकीची स्थळे व दुकाने आली. पुढे परदेशी नाममुद्रांच्या वस्तू विकणारे ‘पॅलेडियम’ हे विक्रीकेन्द्र आणि पंचतारांकित हॉटेलही त्याच आवारात उभे राहिले. गिरणीची चिमणी मात्र शोभेची वस्तू म्हणून राखली गेली.

विक्रीकेन्द्र व आलिशान निवास यांचे साहचर्य योगायोगाचे नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. फ्लॅट विकला की रक्कम एकदाच हाती येते. दुकानाचे गाळे भाड्याने दिले असता उत्पन्न वर्षानुवर्षे चालू राहते. शिवाय विक्रीकेन्द्रामुळे त्या पत्त्याची प्रतिष्ठा वाढते आणि शेजारच्या फ्लॅटची किंमत चढते. उलट फ्लॅटमध्ये राहावयास आलेले कुटुंब विक्रीकेन्द्राचे रोजचे ग्राहक बनते. लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणण्याची जी प्रथा घरांच्या दलालांनी पाडली, तिचा अर्थ हाच की, वस्तीच्या नावालाही विक्रीमूल्य असते आणि श्रमिकांच्या वस्तीची ओळख सांगणारे नाव त्या मूल्यात उणे ठरते.

यानंतरचा निर्णायक टप्पा म्हणजे २००१ मधील दुरुस्ती. १९९१ च्या नियमामुळे जमिनी अडकून पडल्या, गिरण्यांचे पुनरुज्जीवन झाले नाही व कामगारांची देणीही चुकती झाली नाहीत, असा तिच्या समर्थनाचा युक्तिवाद होता आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. दुरुस्तीने तीन वाटण्यांचे तत्त्व कायम ठेवले. परंतु ते केवळ ‘मोकळ्या जमिनी’पुरते मर्यादित केले. गिरणीच्या बांधकामाखाली असलेली जमीन, ते बांधकाम पाडल्यानंतरही, मोकळी गणली जाणार नव्हती. या फरकाचे परिमाण एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गिरणीची जमीन ३०,००० चौरस मीटर असून तीपैकी २४,००० चौरस मीटरवर बैठ्या शेड्स आहेत. जुन्या सूत्राने ढोबळ मानाने १०,००० चौरस मीटर शहरास, तितकीच म्हाडास आणि तितकीच मालकास मिळाली असती. नव्या सूत्राने वाटणी होते ती फक्त उरलेल्या ६,००० चौरस मीटरची. शहराच्या वाट्यास सुमारे २,००० चौरस मीटर येते. कापडगिरण्या बहुधा बैठ्या व पसरट असल्यामुळे त्यांची बहुतेक जमीन शेड्सनी व्यापलेली होती. म्हणून दोन शब्दांची व्याख्या बदलताच मैदाने व घरे यांसाठी मिळावयाची जमीन काही पटींनी कमी झाली.

या दुरुस्तीस जनहितयाचिकेद्वारे आव्हान देण्यात आले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, बांधकाम पाडल्यावर रिकामी होणारी जमीनही मोकळीच मानली पाहिजे, असा अर्थ लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला व दुरुस्ती वैध ठरविली. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या काही गिरण्यांच्या जमिनी विकल्या होत्या. त्यांपैकी मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांस गेली. २०१२ मध्ये त्याच जमिनीचा पुन्हा व्यवहार झाला, तो सुमारे २,७०० कोटी रुपयांचा. सात वर्षांत किंमत जवळजवळ चौपट झाली; या वाढीत कापडउद्योगाचा काही भाग नव्हता आणि नव्या सूत्रामुळे शहराचा वाटाही नाममात्र राहिला.

या स्थित्यंतराचा रहिवाशांवर झालेला परिणाम मोजताना एक सावधगिरी आवश्यक आहे. लंडनमध्ये जुनी घरे दुरुस्त होऊन त्यांत नवी माणसे आली; गिरणगावात गिरणीच्या आवारात नवी वास्तू उभी राहिली आणि शेजारची चाळ बराच काळ तशीच राहिली. त्यामुळे येथे विस्थापन झालेच नाही, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. पीटर मार्क्यूझ यांनी १९८५ मध्ये केलेले वर्गीकरण येथे उपयोगी पडते. प्रत्यक्ष हुसकावणीखेरीज विस्थापनाचे आणखी दोन प्रकार त्यांनी दाखविले: जी घरे पूर्वी आवाक्यात होती ती पुढील पिढीस न मिळणे, आणि परिसराचे स्वरूप पालटल्यामुळे राहणाऱ्यावर निघून जाण्याचा दाब येणे. चाळीतील मुलगा लग्नानंतर डोंबिवलीस किंवा विरारला बिऱ्हाड करतो, तो पहिला प्रकार. खाणावळ, पिठाची गिरणी व उधारीवर माल देणारा वाणी यांच्या जागी त्याला न परवडणारी दुकाने येतात, तो दुसरा.

सार्वजनिक जागेचा प्रश्न तर प्राणांतिक ठरला. गिरणीकामगार बव्हंशी पायी येत असे. त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांतील व दुकानांतील नोकरवर्ग उपनगरांतून रेल्वेने येऊ लागला. स्थानके, पूल व रस्ते मात्र बव्हंशी जुन्याच मापाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या पहाटे कमला मिलच्या आवारातील गच्चीवरील उपाहारगृहाला लागलेल्या आगीत १४ जणांचा अंत झाला. या दोन्ही दुर्घटनांची तात्कालिक कारणे भिन्न होती. तथापि जमिनीचा उपयोग अनेक पटींनी वाढवावा आणि त्यासाठी लागणारी मोकळी जागा मात्र सोडू नये, या व्यवस्थेची पार्श्वभूमी दोहोंना समान आहे.

गिरणीकामगारांच्या घरांची कथा याच वाटणीतून निघते. घरासाठी सुमारे दीड लाख अर्ज आले असता जून २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरे उपलब्ध होती. घराचे क्षेत्र २२५ चौरस फूट. पुढील सोडतींनीही ही दरी भरून निघाली नाही. मुंबईबाहेर शेलू व वांगणी येथे घरे देण्याची योजना २०२४ मध्ये पुढे आली, तेव्हा कामगार संघटनांनी मुंबईतच घराची मागणी धरून तिला विरोध केला. जमीन शहरात वाटली गेली असती तर घर शहरात देता आले असते, हा त्या विरोधामागील तर्क होय.

तुलनेसाठी बीडीडी चाळींचे उदाहरण घ्यावे. १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे बांधलेल्या या चाळींत एका कुटुंबास सुमारे १६० चौरस फुटांची खोली असे. त्यांच्या पुनर्विकासात त्याच ठिकाणी विनामूल्य ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. वरळी येथील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. हा खर्च त्याच जमिनीवरील विक्रीयोग्य इमारतींतून भागवावयाचा आहे. म्हणजे खंडातील तफावत येथेही तीच आहे, परंतु जमीन शासनाची आणि नियम निराळा असल्यामुळे तिची वाटणी निराळी झाली. ही योजना निर्दोष आहे असे नव्हे. रहिवाशाचे घर धनिकांच्या फ्लॅटच्या विक्रीवर अवलंबून ठेवणे धोक्याचे असते आणि उंच इमारतीच्या देखभालीचा खर्च मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबास कितपत झेपेल, हा प्रश्न उरतोच. परंतु बाजार एकच असताना फलित भिन्न असू शकते, एवढे यावरून सिद्ध होते.

तात्पर्य, अभिजनीकरणाच्या अभ्यासात ग्राहकाची अभिरुची व भांडवलाची गती यांच्या जोडीला नियमाची शब्दरचना हे तिसरे कारण स्वतंत्रपणे मांडले पाहिजे. तफावत बाजार निर्माण करतो. तिची वाटणी मात्र नियम ठरवितो आणि तो नियम ठरण्याची वेळ पहिली वीट रचली जाण्यापूर्वीच येऊन गेलेली असते. विक्रीकेन्द्र उभे राहिल्यावर त्याच्या दारातील ग्राहकांची गणना करणे सोपे आहे. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे, बंदरे, रेल्वे व जुने कारखाने यांच्या ज्या जमिनींची वाटणी अद्याप व्हावयाची आहे, त्यांच्यासंबंधीच्या नियमांतील व्याख्या आजच बारकाईने वाचणे.