एक नाव, अनेक जाती

भाषेच्या अध्यापकाने या व्यासपीठावरून डासांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हैदराबादकरांना हा विषय परका नाही. सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या पुटी दिसल्या. तत्पूर्वी दोन वर्षे ते भलत्याच डासांची चिरफाड करीत होते. ज्या डासाने यश दिले त्याचे शास्त्रीय नावही त्यांना ठाऊक नव्हते. ठिपकेदार पंखांचा, एवढीच त्याची ओळख.

पुढे ॲनॉफिलीस हे नाव सर्वतोमुखी झाले आणि प्रश्न मिटला असे वाटले. तो मिटला नव्हता. युरोपात काही प्रदेशांत ॲनॉफिलीस मॅक्युलिपेनिस विपुल, पण हिवताप नाही. अन्यत्र मात्र त्याच नावाचा डास माणसे अंथरुणाला खिळवी. हे कोडे उलगडले अंड्यांवरून. इटलीतील आरोग्य निरीक्षक फाल्लेरोनी यांनी १९२६ साली दाखविले, की दिसायला एकसारख्या माद्यांच्या अंड्यांवरील नक्षी भिन्न असते: कोठे आडवे पट्टे, कोठे नुसता करडा रंग. एका नावाखाली अनेक जाती नांदत होत्या. काही गोठ्यातल्या गुरांवर तृप्त, काही माणसाच्या रक्ताला चटावलेल्या. आयुष्यभर मी वह्यांतील ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची वेलांटी तपासली. आपल्या बोलण्यात त्यांचा भेद कानाला जाणवत नाही, तो कागदावरच कळतो. येथे तो अंड्यावर कळला!

आपल्या ग्रामीण भागातील हिवतापाचा प्रमुख वाहक ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस. त्याच्याही १९८० पासून ए, बी, सी, डी, ई अशा पाच जाती ओळखल्या गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पंख-पाय न्याहाळून त्या वेगळ्या करता येत नाहीत. त्यांतील बी ही मुख्यत्वे गुरांचे रक्त पिते आणि भारतात बहुतेक ठिकाणी हिवतापाच्या प्रसारात तिचा वाटा नगण्य असतो.

माझ्या लहानपणी गावात फवारणीवाले येत आणि भिंतीवर तारीख लिहून जात. तरी १९७६ साली देशात सुमारे ६४ लाख रुग्णांची नोंद झाली. त्याची कारणे अनेक. पण कोणत्या डासावर औषध मारतो आहोत, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. गोठ्यात शंभर डास सापडले म्हणून ते गाव धोक्याचे ठरत नाही. ते बहुतेक बी असू शकतात. दहाच सापडलेल्या गावात ए असेल, तर औषध आधी तेथे पोहोचले पाहिजे.

हा निवाडा करण्यासाठी मादीही नेमक्या वेळी हाती लागावी लागते. रक्त अर्धे पचलेले, अंडी अर्धी वाढलेली, अशा अवस्थेतच बीजकोशातील पेशींची महाकाय गुणसूत्रे वाचता येतात. त्यांवरील पट्ट्यांचा एखादा तुकडा उलटा बसलेला दिसला, की जात कळते. आता डीएनए तपासणीही होते. पण तिच्यासाठीही पहाटे गोठ्यात जाऊन डास कोणीतरी पकडावाच लागतो.