धर्मादाय खाट : उपकार नव्हे, हक्क

गेल्या वर्षी वडिलांना हृदयविकाराने गाठले, तेव्हा दावणीची गाय विकून आलेली रक्कम आईने पदराच्या गाठीत बांधून शहरातल्या एका रुग्णालयात नेली, आणि तिसऱ्याच दिवशी ती गाठ रिकामी झाली. कायद्याने गरिबासाठी खाटा राखून ठेवलेल्या असतात, याची आम्हांस तेव्हा गंधवार्ताही नव्हती.

म्हणून श्रीगोंदे तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरच्या बांधवांसाठी हे टिपण.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखणे बंधनकारक आहे. त्यासाठी ती रुग्णालये आपल्या देयकांतील २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करतात. प्रसंग आणीबाणीचा असल्यास निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घरात आजच एका पिशवीत घालून ठेवा. दुखणे मुहूर्त पाहून येत नाही. रुग्णालयात दाद न मिळाल्यास जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी.

ज्या श्रीगोंदे गावाने मुसलमान कुळात जन्मलेल्या शेख महंमदांना संत म्हणून मस्तकी धरले, त्या गावाला शेजाऱ्याच्या दुखण्याची लाज नव्हे, जबाबदारी वाटावी; तेव्हा ज्याला वाचता येते त्याने, ज्याला येत नाही त्याला, हे आज वाचून दाखवावे.